हाशिम भंडाऱ्याची इटली

तिसरी घंटा झाली असं समजा. पडदा वर जातो. समोर दाभोळच्या जेटीपासून दोन वळणं वर असलेलं एक जांभ्याचं घर. उजव्या अंगाला ओटी, ओटीवर लाकडी बाक. डाव्या अंगाला दार, दारातून आतला पलंग दिसतो. मागे वाशिष्ठीची खाडी आणि तिच्यावरून धोपाव्याकडे निघालेली फेरीबोट, रंगवलेल्या पडद्यावर असावी इतकी संथ. एप्रिल महिना, जेवणं नुकतीच आटोपलेली. पलंगावरच्या चादरीवर पत्त्यांचा डाव मांडावा तशी पत्र्याच्या डब्यातली एकतीस पोस्टकार्डं मांडलेली आहेत. रंगीत चित्रांची, कडा पिवळ्या पडलेली. भोवती सात-आठ माणसं, आणि सगळ्यांच्या मधोमध, भर उजेडात, शहात्तर वर्षांचे हाशिम बुरोंडकर.

दाभोळात त्यांना बुरोंडकर म्हणून कोणी ओळखत नाही. जहाजावरच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. ते तेवीस वर्षं मुंबईच्या एका कंपनीच्या जहाजांवर भंडारी होते, म्हणून हाशिम भंडारी.

"तिकिटं झाली, व्हिसा झाला," झोया म्हणाली. ही त्यांच्या मुलीची मुलगी. जुन्या दगडी इमारती दुरुस्त करायचं शिक्षण घ्यायला इटलीत गेलेली, आणि सुट्टीवर आलेली. "नाना, ही सगळी गावं तर आपल्याला पंधरा दिवसांत जमणार नाहीत. पण दोन-तीन नक्की. जिथे जिथे तुम्ही गेलात, तिथे मला तुम्हीच फिरवायचं. मी गप्प मागून येणार."

"आता हाशिमशेठ गाईड!" शेजारचे भिकाजी चोगले म्हणाले. आयुष्यभर मासेमारी केलेला हा माणूस, हाशिमभायचा शाळासोबती. "हज झाली, आता इटली झाली. अरे, त्या म्हातारीला माझा सलाम सांग. पाव देणारीला."

"ती तेव्हाच सत्तरीची होती रे."

"मग तिच्या नातीला सांग!"

सगळे हसले. हाशिमभायही हसले. खतिजाबी, त्यांची बायको, तेवढ्यात उठल्या आणि आत चहा टाकायला गेल्या. म्हातारीची आणि पावाची गोष्ट निघाली की त्या नेहमी उठत. लग्नघरात असोत, मय्यतीच्या घरी असोत, कुणाच्या ओटीवर असोत. हाशिमभायना वाटे, ऐकून ऐकून कंटाळली असेल.

त्या भरल्या घरात एकट्या हाशिमभायना ठाऊक होतं की हा खेळ आता उघडा पडणार. कारण त्या एकतीस गावांपैकी एकही त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

हे खोटं कसं उभं राहिलं ते सांगितलं पाहिजे. भंडाऱ्याला तीन वेळचं जेवण चुकत नाही. जहाज दर्यात असो की धक्क्याला. माल उतरायला दोन दिवस लागले तर खलाशी आळीपाळीने गाव बघून येत. भंडारी मात्र पहाटे चारला चूल पेटवी आणि रात्री भांडी आवरी. मधल्या तासा-दीड तासात त्याला जायला मिळे ते बंदराच्या फाटकापर्यंत. रोमजवळच्या चिव्हितावेक्या बंदरात हाशिमभाय अकरा वेळा उतरले. फाटकाबाहेर डाव्या हाताला सिगरेटी, साबण आणि पोस्टकार्डं विकणारं एक खोपटवजा दुकान होतं. त्यांची इटली जहाजापासून त्या दुकानापर्यंत, दोनशे पावलांची. दुकानदार म्हातारा होता. कार्डावरच्या गावाकडे बोट दाखवून तो हातवारे करून काहीबाही सांगे. हाशिमभाय ते बघत आणि परत येऊन पिठाच्या पोत्यावर बसून घरी लिहीत: आज ह्या गावात फिरून आलो. घरं डोंगरातनंच उगवल्यासारखी. लोक फार भले.

पण असं लिहायचं तरी का? बढाई मारायला? नाही. दाभोळच्या दर्यावर्दी घरांत एक रीत होती, जुनी, कुणी घातली ते कुणाला माहीत नाही. दर्यावर दुःख धाडायचं नाही आणि दर्यावरून दुःख आणायचं नाही. पत्र पोचायला महिना लागे. इकडे लिहिलेला ताप तिकडे पोचेपर्यंत उतरलेला असे, किंवा माणूस गेलेला असे. आणि वाचणारा पाण्यात, तो काय करणार? म्हणून दोन्ही बाजूंनी फक्त खुशाली. घरात मय्यत झाली तरी कळवत नसत. माणूस मुंबईला उतरला की धक्क्यावर कुणीतरी भाऊ-मेहुणा उभा असे, तो टॅक्सीत बसवून सांगे.

खुशाली लिहायची तर भंडाऱ्याने काय लिहायचं? आज दोन डेग भात शिजवला? म्हणून हाशिमभाय गावं लिहीत गेले. पुढे घरी आले तेव्हा लोक विचारू लागले, आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. सांगायची त्यांना हातोटी होती, हे कबूल केलंच पाहिजे. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे जे पदवीधर नटांना शिकवून येत नाही ते त्यांना उपजत होतं. झोया पाच वर्षांची असल्यापासून त्यांच्या मांडीवर बसून ही गावं ऐकत आली. दगडांची ओढ तिला तिथे लागली. मग ह्या पोरीला कुठल्या तोंडाने सांगणार?

मे महिन्यात तिघं इटलीत उतरली. झोयाची खोली वितेर्बो नावाच्या गावात होती. पहिल्या दिवशी हाशिमभायनी तिची चूल ताब्यात घेतली. खतिजाबींनी आंबापोळी आणि तांदळाचं पीठ बांधून आणलं होतं. हाशिमभायनी भाकऱ्या थापल्या, बाजारातून मासे आणून कालवण केलं, आणि तेवढा दिवस त्यांना कशाची भीती वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी पितिल्यानो. कार्डावर होतं तसंच्या तसं: कड्याच्या माथ्यावर कड्याच्याच दगडाची घरं, कुठे कडा संपतो आणि कुठे भिंत सुरू होते ते कळू नये. खतिजाबींनी भिंतीवरून हात फिरवला. दगड तांबूस, भोकाभोकांचा.

"ह्यांचा पण जांभाच की गो," त्या झोयाला म्हणाल्या. "चिरे पण तसेच कापलेत."

झोयाने त्यांना ज्वालामुखीची राख, तिचा होणारा दगड, सगळं समजावलं. खतिजाबींनी मान हलवली आणि म्हणाल्या, "म्हणजे जांभाच."

हाशिमभाय पुढे पुढे चालत होते. गल्ल्या अरुंद, पायऱ्यांच्या, कुंड्यांनी भरलेल्या. भाषण विसरलेला नट जसा खुर्ची हलव, पगडी नीट कर, असं करत वेळ काढतो तसं ते करत होते. "हं, ही गल्ली... तेव्हा इतकी स्वच्छ नव्हती." "इथे एक सोनार होता, वाटतं." झोया खूश.

तिसऱ्या दिवशी ओर्व्हिएतो गावात मात्र जीभ घसरली. तिथल्या मोठ्या चर्चसमोर सगळी उभी होती. बाजूच्या भिंती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, आणि दर्शनी भागावर सोनेरी तुकड्यांत जडवलेली चित्रं, उन्हात बघवेनात. झोया म्हणाली की हे बांधायला तीनशे वर्षांवर लागली. ज्याने पाया घातला त्याच्या नातवाच्या नातवालाही शिखर दिसलं नाही. खतिजाबी हळूच म्हणाल्या, "आपल्या मशिदीचा घुमट बांधणाऱ्यानं तरी कुठं नाव लिवून ठेवलंय." आणि बोलायला काहीतरी हवं म्हणून हाशिमभाय म्हणाले, "ह्याच्या मागच्या अंगाला मासळीबाजार होता. सुरमई असायची, अशी!"

झोया हसायला लागली. "नाना, समुद्र इथून कितीतरी लांब आहे! डोंगरावर कुठली सुरमई?"

"तेव्हा यायची," हाशिमभाय म्हणाले.

झोयाने ते सोडून दिलं. खतिजाबी मात्र नवऱ्याकडे बघत राहिल्या.

चौथ्या दिवशी सकाळी चहा घेताना खतिजाबींनी आपली कापडी पिशवी उघडली. आतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. दरीतून वर आलेला एक सुळका, त्याच्यावर मूठभर घरं, आणि तिथे जाणारा एकच लांब पूल.

"आज ह्या गावाला जाऊ," त्या म्हणाल्या.

"बत्तिसावं!" झोया ओरडली. "नानी, हे डब्यात नव्हतं."

"माझ्याकडं होतं."

"हे चिव्हिता, ते बंदर नव्हे! इथून जवळच आहे. पुलावरचं गाव. म्हणजे म्हातारीचा पाव तो हाच की! नाना, इथलीच ना ती गोष्ट?"

हाशिमभायनी कार्ड उलटलं. अक्षर वेडंवाकडं, ओळी उताराला लागलेल्या. आज डोंगरावरच्या गावात जाऊन आलो. पुलावरून चालत गेलो. चौकातल्या विहिरीचं पाणी आपल्यासारखं गोड. एका म्हातारीनं घरात बोलावून गरम पाव दिला. फार मजा आली. तुम्ही सर्व खुशाल असालच. आणि वर तारीख: ७ ऑगस्ट १९८१, शुक्रवार.

तारीख वाचून त्यांनी कार्ड खाली ठेवलं. कार्ड त्यांनी लिहिलं होतं, पण कुठल्या दिवशी काय लिहिलं ते त्यांना कुठे आठवत होतं? ती तारीख मात्र त्यांना आठवत होती. त्या तारखेला, ईद होऊन आठवडाही झाला नसताना, दाभोळात त्यांचा चौदा महिन्यांचा मुलगा अली तापाने गेला. रिवाजाप्रमाणे त्यांना ते कळलं सात महिन्यांनी, मुंबईच्या धक्क्यावर, मेहुण्याच्या तोंडून.

हे कार्ड खतिजाच्या हाती पडलं असेल सप्टेंबरात. मुलाला पुरून महिना झाल्यावर.

चिव्हिताला पोचले तेव्हा ऊन चढलेलं नव्हतं. दरीत पिवळी फुलं फुलली होती, उतारावर ऑलिव्हची राखाडी झाडं. समोर तो सुळका. झोयाने सांगितलं की हा कडा दर वर्षी थोडा थोडा ढासळतो. कडेची घरं केव्हाच दरीत गेली, थंडीत तर तिथे मोजकी माणसं राहतात. मग ती तिकिटं काढायला पुढे गेली. खतिजाबींचे गुडघे दुखत होते, म्हणून दोघं पुलाच्या तोंडाशी कठड्यावर टेकली.

"विहीर कुठल्या अंगाला?" खतिजाबींनी विचारलं.

"आत. चौकात."

"चौकात ते मला ठाव हाय, लिवलंय तसं. चौकाच्या कुठल्या अंगाला?"

हाशिमभाय पुलाकडे बघू लागले.

"आणि म्हातारीचं घर? पुलावरनं गेल्यावर डाव्या हाताला की उजव्या?"

अशा वेळी नटाला दोन वाटा असतात. पदरचं वाक्य घालून वेळ मारून न्यायची, नाहीतर पुढे येऊन सांगायचं की मला पाठ नाही. दुसरी वाट धरणारा लाखात एखादा.

"खतिजा," ते म्हणाले, "मी ह्या गावात कधी आलोच नाय."

"मग हे कुठल्या गावाचं लिवलं होतंत?"

"कुठल्याच नाय. मी कुठल्याच गावात गेलो नाय. फाटकापर्यंत जायचो. तिथं दुकान होतं."

दोन बायका छत्र्या घेऊन पुलावर चढल्या, हसत पुढे गेल्या. त्या लांब गेल्यावर खतिजाबींनी विचारलं.

"मग त्या दिवशी काय करत होतात?"

"पडलो होतो. आदल्या रात्री दर्या उठला होता. डाळीचा डेग कलंडला, हा हात भाजला." त्यांनी उजव्या बाहीचं बटण सोडलं. मनगटापासून कोपरापर्यंत जुनी चकचकीत कातडी. "तुला सांगितलं होतं मी, तेल उडालं, दोन दिवसांत बरं झालं म्हणून. तसं नव्हतं. चार दिवस तापात होतो. घरची फार याद आली. रडत होतो. बाजूचा पोरगा म्हणाला, चाचा, घरी काय तरी लिवा, बरं वाटेल. उशाशी हे कार्ड होतं."

"ह्या हातानं लिवलंत?"

"डाव्या."

खतिजाबींनी कार्ड पिशवीतून परत काढलं. डोळ्यांजवळ धरून त्या वाकड्या ओळींकडे बघत राहिल्या. तिथे आता वाचण्यासारखं काही नव्हतं; ते कार्ड त्यांना तोंडपाठ होतं.

"मला वाटलं, हसताना हात हलला असेल," त्या म्हणाल्या. "मी म्हणायची, किती मजेत असेल माणूस की अक्षर सरळ येईना. त्या दिवशी दर्या खवळलेला, फेरीबोटी बंद. आम्ही जीपनं दापोलीला निघालो होतो, भावाला घेऊन. जुम्म्याची अजान होत होती तवा माझ्या मांडीवर गेला तो. आणि तुम्ही पाव खात होतात. त्रेचाळीस वर्षं मी तुम्हाला ह्या विहिरीवर बघतेय. हसताना. जवळ झोपलात तरी बघतेय."

"मला ठाव नव्हतं गो अलीचं."

"ठाव नव्हतं ते मला ठाव होतं. तुमचा गुन्हा नव्हता. म्हणून तर कुणाला बोलता आलं नाय. कसं बोलणार? माझा नवरा हसला म्हणून?"

"खरं लिवायचं मनात होतं. पण दर्यावरनं तसं कोण लिवत नाय. तू रडली असतीस."

"रडलीच असती," खतिजाबी म्हणाल्या. "आधीच रडत होते. तुमच्याबरोबर रडली असती." मग कार्ड पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळत, "मी पण लिवायला बसलेली. अलीचं. भावानं हातातनं पेन काढून घेतलं, म्हणाला, रीत नाय."

झोया तिकिटं हलवत आली. दोघांचे चेहरे बघून थबकली. हाशिमभायनी तिला तिथेच, उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. एकदाच सांगायचं, म्हणून भराभरा सांगितलं. तिचे डोळे भरले, आणि रागही आला.

"म्हणजे नाना, मी तुमच्या थापांवर हे सगळं शिकले?"

"तू खरं शिकलीस ना? मग झालं."

तिला हसू आलं आणि रडूही. "आता तरी चला. पलीकडे विहीर आहे का नाही, बघू तरी."

"तू बघून ये," खतिजाबी म्हणाल्या. "मला नाय जायचं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. ज्या गावावर इतकी वर्षं दात धरला, ते गाव आता त्यांचं कुणीच लागत नव्हतं.

झोया एकटी गेली. तासभर ती दोघं त्या कठड्यावर बसून होती. विहिरीचं झोयाने परत आल्यावर सांगितलं नाही, दोघांनी विचारलं नाही. परतीच्या बसमध्ये खतिजाबींनी नवऱ्याची उजवी बाही वर केली, आणि भाजलेल्या कातडीवर हात ठेवून त्या वितेर्बोपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दाभोळात परतल्यावर ओटी पुन्हा भरली. भिकाजी सर्वांत आधी हजर. "बोल भंडारी! म्हातारी भेटली?"

"भिक्या, मी आधी कधी गेलोच नव्हतो. सगळं बनवून सांगायचो."

असा हशा पिकला की कुठल्याही नटाने आयुष्य ओवाळून टाकावं. "वा रे पठ्ठ्या! म्हातारपणी नवीन गोष्ट काढली!" हाशिमभायनी दोनदा सांगून पाहिलं. खरं सांगितलं तर कुणी ऐकेना. मग त्यांनी सोडून दिलं, आणि इटलीचं पुन्हा कधी बोलले नाहीत. म्हातारीची गोष्ट मात्र आता दुसरेच सांगू लागले.

पावसाळ्यानंतर त्यांचं पोट दुखायला लागलं. रत्नागिरीला नेलं. डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं की कर्करोग आहे, पसरलेला आहे, आता घरीच ठेवा. डिसेंबरात ते त्या दारातून दिसणाऱ्या पलंगावर आले. माणसं भेटायला येत. भिकाजी येई, फोनवर झोया येई, मशिदीतले इमामसाहेब येत. प्रत्येकाला हाशिमभाय म्हणत, "बरं हाय. काय नाय, म्हातारपण." झोयाला तर ते फोनवर हसून दाखवत. खतिजाबी कोपऱ्यात बसून ऐकत. माणसं गेली की दार लोटून पलंगाशी येत आणि विचारत, "आता खरं बोला." आणि ते सांगत. कुठे दुखतं, किती दुखतं, कसली भीती वाटते. अलीबद्दलही बोलत, कसा दिसायचा, कुणासारखं नाक होतं. ते त्याला आठ महिन्यांचा सोडून गेले होते, म्हणून त्याचे पुढचे सहा महिने ते खतिजाबींकडून ऐकत. पहिलं पाऊल कुठे टाकलं, पहिला शब्द काय. इतकी वर्षं विचारायचं राहून गेलं होतं. सांगता सांगता दोघं रडत, आणि रडून झालं की खतिजाबी त्यांचं तोंड पुसून देत.

जानेवारीतल्या एका सकाळी भिकाजी येऊन गेला. त्याला हाशिमभायनी हात वर करून "बरं हाय" अशी खूण केली. आवाज फारसा फुटत नव्हता. तो गेल्यावर खतिजाबींनी दार लोटलं, उशाशी बसल्या आणि त्यांच्या ओठांशी कान नेला. त्यानंतर ते शुद्धीवर आले नाहीत, आणि दुपारी असरच्या नमाजाआधी गेले. म्हणजे त्या सकाळी बोलले तेच शेवटचं.

"खतिजा, आज जास्त दुखतंय गो."